विमानातली हवा कुणाच्या भरवशावर?

दिवाळी, लग्नसराई आणि उन्हाळ्याची सुट्टी हे आपले प्रवासाचे हंगाम. पूर्वी इंदूरहून पुण्याला किंवा हैदराबादहून मुंबईला जायचं म्हणजे रात्रभराची रेल्वे, नाहीतर ट्रॅव्हल्सची बस. आता घरातली तरुण मंडळी मोबाइलवर विमानाचं तिकीट काढतात आणि आजी-आजोबांनाही सोबत घेऊन जातात. करोनानंतर मात्र एक प्रश्न घरोघरी विचारला जातो. दीडशे-पावणेदोनशे माणसं एका बंद नळकांड्यात, खिडकी उघडायची सोय नाही, शेजारचा खोकतोय. तिथली हवा चांगली असते का हो?

थोडक्यात उत्तर असं की विमान आकाशात असताना हवा बहुतेक वेळा आपल्या समजुतीपेक्षा बरीच चांगली असते. विमान जमिनीवर उभं असताना तेवढी खात्री देता येत नाही. आणि जी हवा आज चांगली आहे, ती नुसत्या यंत्रांच्या कृपेने तशी झालेली नाही. त्या हवेत रोज काम करणाऱ्या माणसांनी तक्रारी केल्या, पुरावे गोळा झाले, सरकारांनी नियम केले, तेव्हा ती सुधारली.

हवा येते कुठून?

पस्तीस हजार फुटांवर बाहेरचं तापमान उणे ५० अंशांच्याही खाली असतं आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव. तिथली हवा तशीच आत घेतली, तर माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहणं कठीण. म्हणून ती आधी दाबावी लागते. जेट इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबणारी पाती असतातच. त्यातलीच थोडी हवा, इंधनाशी संबंध येण्याआधी, बाजूला काढली जाते. तिला ‘ब्लीड एअर’ म्हणतात. दाबल्यामुळे ती खूप तापलेली असते, म्हणून विमानाच्या पोटातल्या एसी यंत्रणेत थंड करून मग केबिनमध्ये सोडतात.

ही ताजी हवा साधारण निम्मी. उरलेली निम्मी केबिनमधलीच असते, पण बहुतेक मोठ्या जेट विमानांत ती हेपा फिल्टरमधून गाळून परत आणली जाते. ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात त्याच जातीचे हे फिल्टर, ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवणारे. हवा डोक्यावरून येते, पायाशी असलेल्या फटींतून बाहेर जाते आणि मागच्या बाजूच्या झडपेतून तिचा काही भाग सतत बाहेर सोडला जातो. तासाला २० ते ३० वेळा केबिनमधली हवा बदलते. आपल्या घराच्या दिवाणखान्यात, दारं-खिडक्या लावून एसी चालू असताना, याच्या आसपासही हवा बदलत नाही.

यामागेही नियम आहे. १९९६ पासून अमेरिकेच्या नियमानुसार नव्या रचनेच्या विमानात प्रत्येक माणसामागे मिनिटाला ०.५५ पौंड, म्हणजे सुमारे पाव किलो, ताजी हवा पुरवण्याची क्षमता असावी लागते. हवेचं वजन किलोत मोजलेलं ऐकून गंमत वाटेल, पण उंचीनुसार हवेचं आकारमान बदलतं, वजन बदलत नाही, म्हणून हा हिशेब.

दीड कळसूबाई

शुद्ध असली तरी ही हवा विरळ असते. विमान कितीही वर गेलं, तरी नेहमीच्या उड्डाणात आतला दाब ८,००० फुटांवरच्या हवेपेक्षा कमी होऊ नये, असा नियम आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. तेव्हा चहा-सँडविच खात खिडकीत बसलेला माणूस जवळजवळ दीड कळसूबाईच्या उंचीवरची हवा घेत असतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत त्याला सुमारे तीन-चतुर्थांश ऑक्सिजन मिळतो. धडधाकट माणसाला फार तर जरा पेंगुळल्यासारखं वाटतं. दमा, सीओपीडी, हृदयविकार किंवा तीव्र ॲनिमिया असलेल्या माणसाला मात्र हा फरक जाणवू शकतो.

शिवाय ही हवा कोरडी असते. आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली. घसा कोरडा पडणं, डोळे चुरचुरणं, नाक सुकणं हे बहुतेक वेळा या कोरडेपणामुळे होतं, जंतूंमुळे नव्हे.

जमिनीवरचे तीन तास

विमानातल्या हवेचा विषय निघाला की साथीच्या रोगांचे अभ्यासक एक जुनी घटना सांगतात. १९७७ चा मार्च महिना, ठिकाण अलास्का. ५४ जणांना घेऊन निघालेलं एक जेट विमान उड्डाणाच्या प्रयत्नात इंजिन बिघडल्यामुळे जमिनीवरच अडकलं. दुरुस्ती होईपर्यंत बहुतेक प्रवासी सुमारे तीन तास आतच बसून राहिले आणि त्या वेळात वायुवीजन बंद होतं. त्यांच्यातल्या एका व्यक्तीला फ्लू झालेला होता. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी खोकला, ताप, अंगदुखीने आजारी पडले.

बाहेर स्वच्छ हवा होती, यंत्रणाही होती, फक्त ती चालू नव्हती.

विमान उभं असताना मुख्य इंजिनं बंद असतात. तेव्हा हवा खेळती ठेवायची तर शेपटीतलं एपीयू नावाचं छोटं इंजिन चालू ठेवावं लागतं किंवा विमानतळावरून जाड नळीने थंड हवा जोडावी लागते. एपीयूला इंधन लागतं, म्हणजे पैसे लागतात. लहान विमानतळांवर येणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानांना तर एपीयू नसतंच. त्यात उजवं इंजिन पंखा न फिरवता चालू ठेवण्याची किंवा बाहेरून हवा जोडण्याची सोय असते. ती वापरली नाही, तर मे महिन्याच्या दुपारी आत बसणं कसं असतं, हे सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग आणि विमानप्रवास या विषयावरच्या मार्गदर्शिकेत याचं साधं उत्तर दिलं आहे. वायुवीजन बंद असलेल्या विमानात अर्ध्या तासाहून जास्त वेळ थांबायची पाळी आली, तर प्रवाशांना खाली उतरवावं. जगात सर्वाधिक क्षयरोगी असलेल्या आपल्या देशाला ही शिफारस इतरांपेक्षा जास्त लागू पडते. मार्च २०२४ मध्ये बीसीएएस या विमान सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, विमानात बसल्यानंतर फार उशीर झाल्यास प्रवाशांना उतरून विमानतळाबाहेर जाऊ देण्याच्या सूचना विमान कंपन्यांना दिल्या. हेतू गैरसोय टाळण्याचा होता, पण आरोग्याच्या दृष्टीनेही ते योग्य दिशेचं पाऊल आहे. आता त्यात हवेचा विचार करून मिनिटांची मर्यादा यायला हवी.

फिल्टर असूनही

वायुवीजन चालू असलं म्हणजे सगळी काळजी मिटली, असंही नाही. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या उड्डाणात सार्सचा एक रुग्ण होता. त्याच्यासोबत विमानात ११९ माणसं होती. त्यांपैकी १६ जणांना सार्स झाल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं, आणखी दोघांना तो झाल्याचं निदान झालं आणि चौघांना झाल्याची नोंद मिळाली. बाधितांपैकी काही जण रुग्णाच्या कितीतरी रांगा पुढे बसलेले होते. ‘दोन रांगा पुढे, दोन रांगा मागे’ एवढ्याच लोकांना धोका, ही ठरीव समजूत त्या उड्डाणाने हलवली.

याचं कारण सरळ आहे. हेपा फिल्टरपर्यंत पोचलेला विषाणू अडतो. शेजारच्या खुर्चीवरून थेट आपल्या चेहऱ्यावर येणारा मधल्या वाटेत फिल्टरला भेटतच नाही. शिवाय माणसं आत चालतात, रांगेत उभी राहतात, टॉयलेटच्या दाराशी ताटकळतात.

करोनाच्या काळात हाच वाद आपल्याकडे मधल्या सीटवरून झाला. २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली. मधली सीट रिकामी ठेवावी, यासाठी एअर इंडियाच्याच एका वैमानिकाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. दरम्यान डीजीसीएने सांगितलं, की शक्य तिथे मधली सीट रिकामी ठेवा, आणि प्रवासी बसवावाच लागला तर त्याला मास्क व फेस शील्डबरोबर अंगभर गाऊनही द्या. पांढऱ्या गाऊनमधली मधल्या सीटवरची माणसं अनेकांना आठवत असतील. शेवटी १५ जून २०२० ला उच्च न्यायालयाने मधली सीट भरायला परवानगी दिली. निर्णय पटो वा न पटो, एक गोष्ट महत्त्वाची घडली. ‘आपण कुठली हवा घेतो’ हा प्रश्न पहिल्यांदाच सामान्य प्रवाशाच्या बाजूने आपल्या न्यायालयांत मांडला गेला.

सिगारेटच्या धुराची लढाई

आजच्या विशीतल्या मुलांना खरं वाटणार नाही, पण त्यांच्या आई-बाबांच्या तरुणपणी विमानात सिगारेट ओढता येत असे. मागच्या काही रांगा ‘स्मोकिंग’, पुढच्या ‘नॉन-स्मोकिंग’. मध्ये भिंत नाही, पडदाही नाही. हवेला रांगांचे आकडे वाचता येत नाहीत, त्यामुळे धूर सगळीकडे फिरायचा. प्रवासी काही तासांनी उतरून जायचे. केबिन क्रूची माणसं मात्र वर्षानुवर्षं तो धूर घेत राहायची.

११ जुलै १९७३ ला ब्राझीलच्या वारिग कंपनीचं विमान पॅरिसजवळ आगीमुळे शेतात उतरवावं लागलं. १३४ पैकी १२३ जणांचा मृत्यू झाला. आग मागच्या टॉयलेटमध्ये लागली होती आणि जळतं सिगारेटचं थोटूक हे तिचं एक संभाव्य कारण मानलं गेलं. यानंतर टॉयलेटमध्ये सिगारेटला बंदी आली, केबिनमध्ये मात्र ती चालूच राहिली. विमानाच्या टॉयलेटच्या दाराशी आजही छोटा ॲशट्रे दिसतो, तो याच धड्यातून आला आहे. कुणी नियम मोडून सिगारेट पेटवलीच, तर ती कागदाच्या टोपलीत न जाता सुरक्षित जागी विझावी, एवढ्यासाठी.

केबिनमधला धूर घालवायला आणखी बरीच वर्षं लागली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने विमानातल्या हवेवर अहवाल देऊन देशांतर्गत उड्डाणांत धूम्रपानबंदीची शिफारस केली. १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या उड्डाणांत बंदी आली, १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या आणि २००० मध्ये अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याच. दरम्यान १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सदस्य देशांना १ जुलै १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय उड्डाणं धूरमुक्त करण्याचं आवाहन केलं.

या प्रत्येक टप्प्यामागे केबिन क्रूच्या संघटनांचा रेटा होता. कधीही सिगारेट न ओढलेल्या नॉर्मा ब्रॉइन या केबिन क्रूमधल्या महिलेला फुप्फुसाचा कर्करोग झाला. १९९१ मध्ये त्यांनी आणि इतरांनी तंबाखू कंपन्यांवर खटला भरला. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि संशोधनासाठी कंपन्यांना ३० कोटी डॉलर द्यावे लागले.

त्याआधी ओझोनच्या बाबतीतही हेच घडलं होतं. १९७० च्या दशकात फार उंचावरून लांब पल्ला गाठणाऱ्या बोइंग ७४७ एसपी विमानांतल्या क्रूला खोकला, छातीत दुखणं, डोळ्यांची आग असा त्रास होऊ लागला. वरच्या थरातला ओझोन केबिनमध्ये शिरत होता. १९८० मध्ये अमेरिकेने त्यावर मर्यादा घातली. आज लांब पल्ल्याच्या अनेक विमानांत ओझोन मोडणारी यंत्रं बसवलेली असतात.

इंजिनाच्या तेलाचा वास

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ब्लीड एअर इंजिनातून येते आणि इंजिनात वंगणाचं तेल असतं. सील झिजलं किंवा नीट बसलं नाही, तर तापलेल्या तेलाची वाफ त्या हवेत मिसळू शकते. या तेलांत झीज कमी करण्यासाठी ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाची रसायनं घातलेली असतात आणि त्यांचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक आहेत. अशा घटनांना ‘फ्यूम इव्हेंट’ म्हणतात. वास साधारण घामट मोज्यांसारखा येतो.

१९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात एका बीएई १४६ विमानात धूर शिरला. त्यातल्या केबिन क्रूमधल्या एका महिलेने फुप्फुसाच्या त्रासाबद्दल दावा केला आणि २०१० पर्यंत लढून तो जिंकला. १८ वर्षं लागली. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने १०० उड्डाणांत हवा मोजली. २०११ च्या त्यांच्या अहवालानुसार मोजलेली कोणतीही प्रदूषकं ठरलेल्या मर्यादेबाहेर नव्हती. मात्र त्या १०० उड्डाणांत अशी मोठी घटना घडलीच नव्हती. क्वचित घडणारी गोष्ट नेमकी मोजण्याच्या दिवशी घडेल असं नाही. दीर्घ मुदतीच्या आजाराशी या वाफांचा संबंध किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत.

बोइंगने ७८७ ड्रीमलायनरमध्ये वेगळा रस्ता घेतला. त्यात केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने बाहेरून घेतली जाते आणि आतला दाब ६,००० फुटांच्या आसपास ठेवला जातो. म्हणजे दीडऐवजी एक कळसूबाई आणि वर थोडंसं. दुसरी पद्धत शक्य आहे, हे त्यावरून दिसतं.

नियम आहेत, मोजमाप कुठे?

खरी उणीव इथे आहे. अमेरिका-युरोपच्या नियमांत कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि ओझोनच्या मर्यादा आहेत, पण त्या मुख्यतः विमानाच्या रचनेला मंजुरी देताना तपासल्या जातात. रोजच्या उड्डाणात ही हवा सतत मोजून नोंद ठेवण्याची सक्ती नाही. अमेरिकेत हेपा फिल्टर बसवण्याचीही कायद्याने सक्ती नाही. बहुतेक कंपन्या ते बसवतात, हा त्यांचा शहाणपणा.

आपल्या शहरांत हवेची गुणवत्ता दाखवणारे फलक चौकाचौकात आले. दिल्लीचा एक्यूआय आज किती, हे शाळकरी मुलंही सांगतात. केबिनमधल्या हवेबद्दल असा एक आकडाही प्रवाशाला दिसत नाही. सेन्सर स्वस्त झाले आहेत. निदान उभ्या विमानातला कार्बन डायऑक्साइड मोजून नोंदवणं अवघड नाही. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम असतो. आत तो चढत गेला, तर वायुवीजन कमी पडतंय हे लगेच कळतं.

आणखी एक धोरण तिकिटाशी निगडित आहे. तापाने फणफणलेला माणूस लग्नाला निघतो, कारण तिकीट रद्द केलं तर पैसे बुडतात. आजारपणात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख बदलून मिळाली, तर तो घरी थांबेल आणि त्याच्या आसपासचे पंचवीस जण वाचतील. एवढं काम कुठलाही फिल्टर करणार नाही.

आपल्या हातात काय?

तोवर प्रवासात या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• डोक्यावरची हवेची गोल झडप बंद करू नका. थंडी वाजली तर शाल घ्या. झोत चेहऱ्यासमोरून खाली जाईल असा वळवा.

• चढताना, उतरताना आणि विमान उभं असताना मास्क लावणं सर्वांत उपयोगाचं. नेमका तेव्हाच तो काढायची आपल्याला घाई असते.

• इंजिन सुरू होताना एसीचा आवाज क्षणभर थांबतो. त्यात काळजीचं काही नाही. मात्र उभ्या विमानात बराच वेळ हवा येत नसेल, तर क्रूला नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

• पावसाळ्यात मुंबईला किंवा गोव्याला वरच्या फटींतून पांढरे लोट येताना दिसतात. तो धूर नसतो. दमट हवेत थंड झोत मिसळून झालेलं ते धुकं असतं, त्याला वास नसतो. वास आला, डोळे चुरचुरले किंवा डोकं दुखायला लागलं, तर मात्र लगेच क्रूला सांगा.

• आजी-आजोबांना फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. विमानात ऑक्सिजनची गरज पडणार असेल, तर कंपनीला आधी कळवावं लागतं. घरचा सिलिंडर नेता येत नाही.

• तान्ह्या बाळाला विमान उतरताना दूध पाजा. गिळण्याने कानातला दाब सुटतो.

• तक्रार करायची वेळ आली, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर करा. विमान क्रमांक, तारीख, सीट, किती मिनिटं हवा बंद होती, हे सगळं लिहा. ‘फार उकडत होतं’ यापेक्षा ‘४० मिनिटं हवा बंद होती’ या वाक्याला वजन असतं.

शेवटची सूचना वरवर किरकोळ वाटेल. पण ओझोनची मर्यादा आणि धूम्रपानबंदी, दोन्हींची सुरुवात अशाच नोंदींपासून झाली. त्या तेव्हा क्रूने केल्या. आता आपणही त्याच विमानांतून वर्षाला चार-चार वेळा जातो, तेव्हा घड्याळ पाहून दोन ओळी लिहिण्याचं काम आपल्यालाही जमेल.